सिंहांचा गोल आधी मला कळतो

१४ जानेवारी, सकाळ
ठरलं. यंदा फुटबॉल बघायचा नाही. आफ्रिका चषकात आपले सिंह, म्हणजे देशाचा संघ, जिंकत सुटलेत आणि अख्खं रुफिस्क खुळावलंय. मासळीवाली गोल बरोबर मोजते, मासे चुकवते. टीव्ही घेणार नाही म्हणजे नाही. रेडिओ आहे. जपाबरोबर बारीक लावला तर पाप लागत नाही. बॅटऱ्या दोन, ४०० फ्रँक.

तोच दिवस, संध्याकाळ
नवल! हातात तसबीची माळ, कानाशी रेडिओ. निवेदक ओरडला आणि माझ्याही तोंडून "गोल!" निघून गेलं. भिंतीपलीकडे यासिनच्या अंगणात आळी टीव्हीपुढे बसलेली. तिथे चिडीचूप. पाच-सहा मणी ओढून झाले, मग कुठे जल्लोष. म्हणजे आधी मला कळलं!
आमचे हे म्हणाले, अगं, टीव्हीचं चित्र आभाळात फिरून येतं, म्हणून उशीर. रेडिओ आधी पोचतो.
ह्यांची श्रद्धा मुळातच कमी. शिवाय मॅट्रिक मी आहे, हे नाहीत.

१५ जानेवारी
यासिन आली होती. ती बा घराण्यातली, मी सार. दोन घराण्यांचं पिढीजात थट्टेचं नातं, रागवायची सोय नाही. म्हणाली, "काय गं भाताच्या पोत्या, आळीत कोंबडे कमी पडले म्हणून तू आरवतेस? आम्हालाही बघू दे की गोल!"
कोंबडा पहाटेच्या नमाजाला उठवतो. पुण्यवान पक्षी. स्तुतीच ती.
शुक्रवारी बायकांच्या जपमंडळाची अध्यक्ष निवडायची आहे. माझ्याशिवाय आहे कोण? निश्चय: तोवर नम्र राहायचं.

१८ जानेवारी
उपांत्य सामना. तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. पण पेनल्टी सुरू झाल्या. वरून आलेला संकेत दाबणं हेही पापच ना? प्रत्येक वेळी सांगितलं. "गेला आत!" "अडवला!" शेवटी "जिंकलो!" तेव्हा म्हणे यासिनच्या टीव्हीवर आपला गडी नुसता चेंडू ठेवत होता.
भिंतीवरून एक चप्पल आली. आनंदात कुणाच्या तरी पायातून निसटली असेल. उजवी आहे, बऱ्यापैकी नवी.

२० जानेवारी, शुक्रवार
अध्यक्ष झाले! एकमताने! पहिला हात यासिनचा. बाहेर पुरुषांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्यांचा काय संबंध, कळलं नाही. माझं पुण्य घरोघरी पोचलंय एवढं खरं.
पहिलं काम लगेच. रविवारी अंतिम सामना, त्याच वेळी रुळांपलीकडच्या सभागृहात विजयासाठी जप. यासिन म्हणाली, "रेडिओ नको हं अध्यक्षबाई, मन एकाग्र हवं." घोडागाडीही तिनेच ठरवली, जाऊन-येऊन, तिच्या खर्चाने. इतकी समजूतदार असेल वाटलं नव्हतं.

२२ जानेवारी, रविवार
चाळीस चटया अंथरल्या. आली एक न्गोने आजी. तिला ऐकू येत नाही. बाकीच्यांची वाट बघून सुरुवात केली.
मध्येच गाव गर्जलं. गोल? की हुकला? दारापर्यंत गेले. रस्त्यावर एक बकरी. तिला काय विचारणार? परत येऊन बसले. मणी ओढताना तीनदा चुकले, आजीने हातावर चापट मारली. नंतर पुन्हा गर्जना, ढोल, गाड्यांचे भोंगे. आजीला खुणेने विचारलं, काय झालं असेल? तिने शांतपणे कानाकडे बोट दाखवलं.
गाडीवाला किती तरी वेळाने आला, तोंडाला हिरवा रंग फासून. म्हणाला, "अहो काकी, तुम्हाला पत्ताच नाही? चषक आपला झाला! सगळं गाव नाचून दमलं!"

२३ जानेवारी
सरकारी सुट्टी. चषक माझ्या जपामुळे आला. इथे लिहून ठेवते, कारण आळीत कुणी तसं म्हणत नाही.
यासिन मासे-भाताचं ताट घेऊन आली. "अध्यक्षबाई, काल एक गोल झाला बरं का!"
मी म्हटलं, मला आधीच ठाऊक होतं.
ती हसत निघाली. फाटकापर्यंत जाऊ दिली. मग राहवेना. हळूच विचारलं, कुणी मारला?