जागेवरून हलायचं नाही

४ जानेवारी २०२१
कोल्हापुरात आले एकदाची! जरीनाचाचींच्या माडीवर खोली मिळाली. चाचींनी चहा दिला आणि विचारलं, विद्यापीठ बंद हाय, मग शिकवणार कुणाला? मी लॅपटॉप दाखवला. विभागप्रमुख धैर्यशील सर फोनवर म्हणाले, आधीच्या मास्तरांच्या ऑनलाइन तासाला पोरं गाणी लावायची. तुम्ही वचक ठेवला तर वर्षभर नेमणूक, न्हायतर राम राम. ठेवते की!

५ जानेवारी
एम.ए. पहिलं वर्ष, राज्यशास्त्र. स्क्रीनवर बावीस चौकोन. पोरं डोक्यावर मिरे वाटायच्या आत नियम सांगितले: कॅमेरा चालू ठेवायचा आणि मी सांगेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. अर्ध्या तासात तिघांच्या आज्या एकदम आजारी पडल्या. एकालाही सोडलं नाही.

७ जानेवारी
राधानगरीकडच्या गुंडूला घरात रेंज मिळत नाही, म्हणून तो जंगलाच्या कडेला टेकाडावर उभा राहून तास करतो. आज मध्येच म्हणाला, मॅडम, गवा आलाय, जाऊ का? सगळे खदाखदा हसले. आज्या संपल्या, आता गवे! मी ठणकावलं, हलायचं नाही. तो मुकाट उभा राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. थोड्या वेळानं त्याचा चौकोन काळा झाला. मी गैरहजेरी मांडली.

८ जानेवारी
गुंडू वेळेवर हजर. तेच टेकाड, कालचाच शर्ट. मी हजेरी मांडली. तासानंतर अनुजाचा, वर्गप्रतिनिधीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, गुंडू गेला की मॅडम. काल, तास चालू असतानाच. गव्यानं—
मी म्हटलं, आज तर होता. तिनं विचारलं, कुठं? तिला तो दिसलाच नव्हता.
मी मारलं त्याला.

११ जानेवारी
आज पुन्हा. वर्गातून काढलं, परत आला. शर्टावर रक्त. धैर्यशील सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचा काय दोष त्यात? वर्ग कसा चिडीचूप बसतोय, असंच चालू ठेवा. नेमणूक पक्की.

१२ जानेवारी
लॅपटॉप बंद केलाय. तरी गुंडू पडद्यावर आहेच, उभा. चाचींना दाखवलं. त्यांना नुसता काळा पडदा दिसतो.

१३ जानेवारी
हात जोडले. म्हटलं, गुंडू, चूक माझी होती, तास सुटला, घरी जा बाबा. त्यानं मान हलवली. गेला. खरंच गेला! पोटभर रडले.

१४ जानेवारी
परत आलाय. म्हणतो, घरी गेलतो मॅडम. आई बघंना. हाकंला ओ देईना. गावात कुणालाच दिसत न्हाय, तुमालाच दिसतोय.
विचारतो, आता कुठं जाऊ? तुम्ही सांगाल तिथं जातो—
काय सांगू? मेलेल्या पोराला कुठं जा म्हणून—
वाट बघतोय. मी गप्प बसले तर इथंच उभा राहील, कायमचा.
गुंडू, तू—