साखर झालेले उंदीर

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी अजून त्याच कॉलेजात आहे, त्याच प्राणीगृहात. तेव्हा मदतनीस होते, आता खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. तुम्ही ती खोली कधी पाहिली नाही, म्हणून सांगते. सकाळी पोचले की चपला बाहेर काढते, कोट घालते, आणि आत पाऊल टाकायच्या आधी दारात उभी राहून वास घेते. मुताचा उग्र वास नाकात गेला तर समजायचं, कुठल्या तरी पिंजऱ्यातला भुसा काल नीट बदललेला नाही. पावडर, अत्तर, गजरा काही लावून जायचं नाही, उंदीर बिथरतात. सध्या आमच्याकडे साखरेच्या औषधाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या उंदरांना साखर झालेली असते, म्हणजे ते घटाघटा पाणी पितात आणि तेवढंच मुततात. बाकीच्यांचा भुसा आठवड्यातून दोनदा बदलला तरी चालतो, यांचा रोज. पाण्याच्या बाटल्या दिवसातून दोनदा भरायच्या. कोपऱ्यात मऊ कागदाचे तुकडे टाकले की ते दातांनी फाडून फाडून घरटं करतात आणि चौघं-पाच जण एकमेकांच्या अंगावर झोपतात. पूर्वी सगळे शेपटीला धरून उचलायचे, मीही उचलायचे. आता दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचलते. हे नंतर ट्रेनिंगमध्ये शिकवलं, पण मला ते ओळखीचं वाटलं. तुम्ही वासराच्या पोटाखाली आधी हात द्यायचात, थोडा वेळ तसेच थांबायचात, आणि मग सुई काढायचात.

तुमच्यासोबत डोईफोडिया गावाला गेले होते तो दिवस मी कितीदा आठवला असेल. मी सहावीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती. तुम्ही पशु दवाखान्याचे कंपाउंडर, आणि मी तुमची वही सांभाळणारी. मोठ्या ऐटीत निघालेली. एका घरी गाय मलूल होती. तुम्ही दुसऱ्या गोठ्यात गेलात आणि मला थर्मामीटर धरायला सांगितलं. गायीने पाय झाडला, मी घाबरले, थर्मामीटर लगेच काढला आणि वहीत एकशे एक, म्हणजे गायीचं नेहमीचं तापमान, लिहून टाकलं. मग आपण चालत सडकेपर्यंत आलो. झाडाखाली बसची वाट बघत तुम्ही वही चाळताय, आणि एका ओळीवर तुमचं बोट थांबतं.

"थर्मामीटर किती वेळ ठेवला होता?"

मी चपलेच्या टोकाने माती उकरू लागले.

"न पाहता लिहिलं ना तू?"

तेवढ्यात बस आली. तुम्ही हात केला नाही. ती निघून गेली आणि आपण परत गावात गेलो, तेवढंच सगळं अंतर, तशाच उन्हात. गायीला एकशे पाच ताप निघाला. तुम्ही सुई दिलीत, मालकाला दोन गोष्टी समजावल्यात. परतताना मी रडत होते तर म्हणालात, "रडू नको. गाय काही सांगू शकत नाही, म्हणून वही ठेवतो आपण. वहीच खोटी निघाली त मंग तिनं कोणाकडं पाहावं?" पुढच्या गावाला तुम्ही वही परत माझ्याच हातात दिलीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं.

गेल्या मे महिन्यात दुपारी लाईट गेली आणि आमचा जनरेटर सुरूच होईना. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, बॅटरी बैठ गई. तीन घंटे तो लगेंगे." आपल्या बुऱ्हाणपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. खोलीत तेवीस डिग्री असतं, ते बघता बघता तेहेतीस झालं. उंदीर घरटी सोडून भुशावर पसरून पडले. नव्या इमारतीचा जनरेटर वेगळा आहे आणि तिथे प्राचार्यांची एसी केबिन आहे. मी धावत गेले. सर म्हणाले, "उंदीर? माझ्या केबिनमध्ये?" मी म्हटलं, "सर, आणखी अर्धा तास गेला तर उरणार नाहीत." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः उठून सोफा भिंतीला लावू लागले. आम्ही चौघांनी चाळीस पिंजरे कापडाने झाकून, हिंदकळू न देता नेले. संध्याकाळपर्यंत सर उंदरांच्या मध्ये बसून सह्या करत होते आणि शिपायाशी कुजबुजत बोलत होते. दोन उंदीर गेले. बाकीचे जगले.

मग प्रयोग करणारी मुलगी आली. पीएचडी करते, स्वभावाने गुणी. माझ्या हातातलं रजिस्टर बघून तिचा चेहरा उतरला. "मॅडम, चोवीस लिहून टाका ना. किसको पता चलेगा? मेरे तीन साल हैं इसमें." पण मी तेहेतीस लिहिलं, दोन मेले तेही लिहिलं, आणि पिंजरे कुठे, किती वाजता हलवले तेही. तिच्या गाईडने त्या तुकडीचे आकडे बाद केले आणि चार महिन्यांचं काम परत करायला लावलं. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी दारात उभी. "तुम्ही उचलता तेव्हा ते चावत नाहीत. मला दाखवाल?" आता ती स्वतः भुसा बदलते. दुसऱ्यांदा केलेले आकडे चांगले आले आहेत, असं परवा हसत हसत सांगून गेली.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, "आपण बिमार जनावराला बरं करतो. तू चांगल्याला बिमार करणार?" रागाने नव्हे, खरंच समजून घ्यायचं होतं तुम्हाला. मी चहा टाकते म्हणून आत गेले. पुढे तुम्ही तो विषय काढला नाही. आई आता माझ्याकडे, इतवाऱ्यातल्या घरी असते आणि रोज सकाळी साखरेची गोळी घेते. ती गोळी आधी कुठल्या तरी उंदराने घेतली असणार, एवढं मी तुम्हाला म्हणू शकले असते. पण ते उंदराला विचारून झालेलं नाही, हेही तुम्ही म्हणाला असतात. प्रयोग संपला की त्यांना कायमचं झोपवतात. त्या दिवशी मी रजा घेत नाही. माझ्या हातांची त्यांना सवय असते.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा लिहिलं होतं की हे काम करताना मला रोज वाईट वाटतं. तुम्हाला तसं वाचायला बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही, आप्पा. काही दिवशी वाटतं. बाकी दिवशी मी घरून दहा मिनिटं लवकरच निघते.