शंभरपैकी शहाण्णव

४ ऑगस्ट, सोमवार
दूध संघाच्या नोंद विभागात सव्वीस वर्षं झाली. आज मॅनेजर धैर्यशील साहेबांनी मीटिंग घेतली. रजिस्टरं बंद, सगळी नोंद टॅबवर. बारा ऑनलाइन व्हिडिओ बघायचे, मग परीक्षा. पास ते ट्रेनर. नापास ते कोरेगावच्या केंद्रात गेटवर. बाकीच्यांचे चेहरे पडले. बिचाऱ्यांची दया आली. आपण रोज पहाटे दोन व्हिडिओ बघायचे. ठरलं.

७ ऑगस्ट
पहिला व्हिडिओ लावला. त्यातल्या मॅडम फार सावकाश बोलतात. जाणत्या माणसाला झोप येणारच.

११ ऑगस्ट
शोध लागला. व्हिडिओ लावून मोबाईल नुसता टेबलावर ठेवला तरी 'पूर्ण' असं येतं. आठ पूर्ण. शेजारच्या टेबलची आम्रपाली वहीत लिहून घेत बसली होती. म्हणाली, काका, टॅब एकदा हातात घेऊन तर बघा. नव्या पोरींना अनुभवाची किंमत नसते.

१६ ऑगस्ट, घरी
परीक्षा दिली. अक्षरं लय बारीक, म्हणून प्रश्न माझ्या लेकीनं, राणीनं वाचले. वाचता वाचता उत्तरंही तिनंच दाबली. विचार माझाच होता. शंभरपैकी शहाण्णव. चार मार्क तिच्यामुळे गेले.

१८ ऑगस्ट
आम्रपालीला अठ्ठ्याऐंशी. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. गुरुवारी कवठे महांकाळला गावोगावच्या दूध केंद्रवाल्यांचं ट्रेनिंग मी घ्यायचं. राणी म्हणाली, पप्पा, साहेबांना खरं सांगा. तिला ऑफिसातलं काय कळतंय.

२० ऑगस्ट
टॅब घरी आणला. चार्ज केला. तयारी झाली.

२१ ऑगस्ट, परतीच्या एसटीत
चाळीस माणसं. 'बदलत्या काळातलं काम' यावर वीस मिनिटं उत्तम बोललो. मग पारूबाई उठल्या. साठीच्या. मेंढरं विकून म्हशी घेतल्या, आता गावचं केंद्र चालवतात. म्हणाल्या, भाषण झ्याक झालं, आता लिटर आणि फॅट कुठं भरायचं ते दावा. माझा टॅब उघडेना. रेंज नाही म्हणालो. त्यांनी स्वतःचा पुढं केला. त्याला रेंज होती. मी काहीतरी दाबलं आणि त्यांच्या केंद्राची सकाळची नोंद उडाली. त्रेपन्न घरांचं दूध.

"आवं साहेब," पारूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी ह्ये कवा चालवलंय का?"

"नाही."

कसं तोंडातून गेलं, कळलं नाही. बाई रागावल्या नाहीत. मला शेजारी बसवलं, नोंद परत कशी आणायची ते दाखवलं. त्यांच्याकडून तीनदा उडाली होती म्हणे, तवा कळलं. पुढचे दोन तास त्यांनीच शिकवलं. मी प्रोजेक्टरची वायर धरून उभा. वायर सैल होती, कुणीतरी धरायला हवीच होती.

२५ ऑगस्ट
परीक्षेचं आणि ट्रेनिंगचं खरं साहेबांना सांगितलं. त्यांनी माझे शहाण्णव खोडले. मग म्हणाले, महिनाभर शिका, पुन्हा परीक्षा, माझ्यासमोर. तोवर कोरेगाव थांबलं. शिकवणार आम्रपाली आणि पारूबाई. दुपारी नोटीस लागली. शिकणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं. घरी तेवढंच सांगितलं. यादी वयानुसार लावली आहे, पण ते कुणी विचारलं नाही.