हंबूरचे पाहुणे अंजूरला

चि. मृणाली,

पाहुण्यांच्या आधी आली ती रंगूबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण शेजारणीला पाहुण्यांचा वास गाडीच्या धुळीआधी लागतो. ओट्यावर बसून विचारते, "आक्का, ह्ये हंबूर चेंबूरच्या अल्याड का पल्याड?" मी म्हटलं, पल्याड, पुष्कळ पल्याड, पार जर्मनीत. (मलाही तेवढंच ठाऊक. चेंबूर, अंजूर, हंबूर, नावावरून तर आपल्यातलंच गाव वाटतं.) आशीर्वाद वर लिहायचे राहिले, ते इथे घे. शंभर वर्षांची हो आणि अंगात स्वेटर घाल. माझे गुडघे होते तिथेच आहेत. फोनवर तुझा बाप कान लावून बसतो, म्हणून लिहिते.

तर तुझ्या साहेबीण उर्सुलाबाई आणि त्यांच्याबरोबरचा तो ताडाएवढा यान, पूर्णा गावातलं कंपनीचं नवं गोदाम बघून दुपारी घरी आले. यान आत आला तो कपाळ चौकटीवर आपटूनच. रंगूबाईने लगेच हळद दाबली, आणि जेवणभर तो नवरदेवासारखा बसला. इंग्रजी बोलायला तुझी शाळेतली मैत्रीण बोलावली होती, मोहिउद्दीनशेठची नूरी. बाई एक वाक्य बोलायच्या, नूरी त्याची तीन करायची. बाईंना म्हणे भिवंडीत शिरताना वाटलं, सगळे ट्रकवाले एकमेकांच्या ओळखीचे आहेत आणि हॉर्न वाजवून हाका मारताहेत. लॉजवर विचारलं, ही लूमची खटखट थांबते कधी? मॅनेजर म्हणाला, लोडशेडिंगला, आणि तेव्हाच आमची झोप मोडते.

सगळे हसले, तुझा बाप सोडून. तू आणखी दोन वर्षं तिकडे राहू का विचारलंस, तेव्हापासून केसरीनाथाचं एकच, "पोर परत आणायची. तिकडं आजारी पडली तरी शेजाऱ्याला कलायचं न्हाय." (चूक तुझीही आहे. रस्त्यावर एक गाडी नसताना लोक लाल दिव्यापाशी उभे राहतात, जिन्यात भेटलेला माणूस मान हलवतो नि दार लावून घेतो, हे सगळं पहिल्याच आठवड्यात बापाला सांगायचं असतं का?) मला त्याने सकाळीच बजावलं होतं, आज बाईंना तोंडावर सांगणार, दिवाळीला मुलगी परत पाठवा. बाई भाकरीचा तुकडा कोलंबीत बुडवत होत्या आणि माझं लक्ष केसरीनाथाच्या तोंडाकडे.

जेवणं झाली. केसरीनाथ खाकरला. मी म्हटलं, आता निघतं ते तोंडातून. तेवढ्यात बाई उठल्या, दारात जाऊन हात जोडले आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "येते."

नूरीने विचारलं, हे कुठे शिकलात? तेव्हा कळलं. तू नवीन असताना ऑफिसातून निघताना त्यांच्या बोलीत म्हणालीस, येते. आता त्यांच्यात येते म्हणजे येते! दारावरचा म्हातारा राखणदार दिवे लावून तुझी वाट बघत बसला, कुलूप लावेना. शेवटी घाबरून त्याने बाईंना फोन केला, बाई तुझ्या खोलीवर धावल्या, आणि तू खुशाल वरणभात खात होतीस. मग तू सांगितलंस, आमच्यात दारात 'जाते' म्हणत नाहीत. तेव्हापासून सगळं ऑफिस निघताना 'येते' म्हणतं, आणि कोणी विसरलं तर म्हातारा दार उघडत नाही.

यानही वाकून म्हणाला, "येते." रंगूबाई ओरडली, "आरं, बाप्यानं येतो म्हनायचं!"

केसरीनाथ उठला. नूरीला म्हणाला, "त्यांना इचार, तो राखनदार रोज असतो का?" बाई म्हणाल्या, रोज. "मंग राहू दे तिला," एवढंच बोलला आणि चपला घालून त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. डोळे पुसले ते मला दिसू नयेत म्हणून पुढे चालत होता. (दिसले.)

मीही मागून गेले. रीतीप्रमाणे म्हटलं, परत या हं जेवायला. बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, कधी? मृणाले, एवढ्या जन्मात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कधीतरी. त्या म्हणाल्या, कधीतरी म्हणजे कोणत्या तारखेला? रंगूबाई तोंडात पदर कोंबून घरात पळाली.

तर तू निर्धास्त राहा. इथे तुझी आठवण काढायला कोणाला वेळ नाही.

तुझी आजी,
आक्का

ता.क. वेळ नाही हे खोटं आहे. तुझी थाळी मी यानलासुद्धा दिली नाही, म्हणून त्याला केळीच्या पानावर वाढलं. तो खूश झाला, त्याला वाटलं मोठा मान आहे.

ता.क. आणखी एक. बापाने राहू दे म्हटलं, मी म्हटलेलं नाही. गोदामाच्या कामाला बाई परत येणार आहेत, त्यांच्याबरोबर तू ये. मी नूरीकरवी गुपचूप विचारलंय. त्या म्हणाल्या, मृणाली हो म्हणाली तर आणते. चार दिवस राहा, मग खुशाल जा. त्या गुरुवार म्हणत होत्या, पण गुरुवारी आपल्याकडे मासे नाहीत, म्हणून मी तो डायरीतून खोडायला लावला. वज्रेश्वरीच्या जत्रेआधीचा बुधवार ठरलाय.