देव अकरा वेळा हसला त्याची हकिकत

लुकांग, आठव्या महिन्याची वद्य पंचमी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या खिमचा, इतक्या वर्षांचा साचलेला सगळा नमस्कार एकदम. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? आणि डावा खांदा? (खांद्याचं मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझी सून अगदी पोटात ठेवणारी आहे, पण तिची आई मला मासळीबाजारात भेटते आणि तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.) इकडे सर्व ठीक. यंदा कालवं बारीक आहेत पण गोड आहेत. जुनं मांजर गेलं, दुसरं आपणहून आलं आणि पहिल्याच्या जागेवर असं बसलं की जणू सात-बारा त्याच्या नावावर आहे.

आता मुख्य बातमी सांगते, नाहीतर पेन कागदावर टिकायचं नाही. ताई, देव बोलला! आज सकाळी, गल्लीच्या टोकाच्या आपल्या भूमिदेवाच्या देवळात, लागोपाठ तीन वेळा, हो, हो आणि हो! मी देवळातून घरापर्यंत अक्षरशः धावत आले. या वयात मला धावताना बघून भाजीवाल्याला वाटलं कुठे आग लागली, तो बादली घेऊन मागे आला.

पण तुला पहिल्यापासून सांगायला हवं. यंदा आईला जमिनीत जाऊन नऊ वर्षं पुरी होतात, म्हणजे अस्थी वर काढून कलशात ठेवायच्या. नवव्या महिन्यातल्या द्वादशीचा मुहूर्त निघाला आहे, अस्थी काढणारा माणूस ठरला आहे, कलश माझ्या पलंगाखाली आहे (नवं मांजर त्यात शिरू पाहतं, मी वर पाटा ठेवला आहे). अस्थी वर आल्या की त्यांच्यावर ऊन पडू नये म्हणून काळी छत्री धरायची, आणि ती थोरल्या लेकराने धरायची. आपल्याला भाऊ नाही. थोरली तू. आणि तू नऊ वर्षांत लुकांगला फिरकली नाहीस, कारण आई गेल्यावर तू एक दिवस उशिरा पोचलीस तेव्हा भर मांडवात, सगळ्या भावकीसमोर, मी तुला म्हणाले, ‘पाहुण्यांची रांग तिकडे आहे.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू तिकडे जाऊन बसलीस, पाण्याचा घोटही घेतला नाहीस आणि संध्याकाळच्या बसने परत गेलीस. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, कारण हे आनंदाचं पत्र आहे.

तर ताई द्वादशीला येईल की नाही, हे मला कळायला हवं होतं. एखाद्या शहाण्या बाईने तुला सरळ विचारलं असतं. मी तुला फोन केला. चारदा केला. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणालीस की मी ठेवून द्यायचे. (ते मीच होते. तू म्हणे टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केलीस. मागे घे.) मग मी कौल लावायला गेले.

तू राजधानीकडची झालीस, विसरली असशील, म्हणून सांगते. चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाकी, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. देवाला आपलं नाव, जन्मतिथी आणि पत्ता सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि फाकी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली तर ‘हो’. दोन्ही पालथ्या, तर ‘नाही’. आणि दोन्ही उताण्या पडून डुगडुगत राहिल्या तर देव हसला, म्हणजे उत्तर नाही, नीट विचारून पुन्हा टाकायच्या. मोठ्या कामाला तीन ‘हो’ लागोपाठ लागतात, त्याखाली काही चालत नाही.

पहिल्यांदा गेले ती वसंतात. शेंगदाण्याची चिक्की ठेवली, नाव सांगितलं, तिथी सांगितली, पत्ता सांगितला, देवळामागची गल्ली, घर नंबर सत्तावीस. आणि जरा आडवळणाने विचारलं (तुझं नाव घ्यायचा धीर होईना), ‘या घरातून रागावून गेलेलं माणूस परत येईल का?’ हो. हो. हो! एका झटक्यात तीन! मी घर झाडलं, तुझी गादी उन्हात टाकली, कालवांची धिरडी करायला रताळ्याचं पीठ आणलं. चार दिवसांनी रागावून गेलेलं माणूस परत आलं. शेजारच्या ग्योक-चूचा नवरा.

तो बारा वर्षांपूर्वी मिठाच्या ट्रकवर बसून दक्षिणेकडे गेला होता ना, तोच. एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात पिंजऱ्यातली साळुंकी घेऊन दारात उभा! ग्योक-चू पदर खोचल्यासारखी बाह्या सरसावून माझ्याकडे आली. ‘खिम, तू देवाकडे काय मागितलंस ते खरं खरं सांग.’ मी म्हटलं, मी माझ्या घरासाठी मागितलं. ‘तुझ्या कुठल्या घरासाठी? पालिकेने नंबर बदलले ते डोळ्यांनी बघितलंस का? तू आता एकोणतीस. सत्तावीस मी! बारा वर्षं मी सुखाने एकटी झोपत होते, आणि हा मेला उगवतो काय नि पहिलं विचारतो काय, जेवायला काय केलंयस! तू मागवलास ना? मग ने तुझ्याकडे!’

तिचं खरं होतं. पालिकेने जुन्या पाट्या काढून नव्या लावल्या तेव्हा मी पालिकेला सही दिली, टपालवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. देवाला सांगायचं राहिलं. (साळुंकी नंतर माझ्याकडेच ठेवावी लागली. ती दिवसभर कुणा परक्या बाईच्या आवाजात ‘आलास का रे?’ म्हणते, आणि ग्योक-चूला ते घरात नको आहे.)

देवळाचे थिअम काका तुला आठवतात? आईच्या वयाचे, एक दात सोन्याचा. ते देवळात झाडूही मारतात आणि कौलाचा अर्थही लावतात. मी जाऊन सगळं सांगितलं तर ते इतके हसले की दात पडायची पाळी आली. ‘बाई, तुझं पत्र शेजारी पडलं. देवाचा काय दोष? त्याने पत्त्यावर माल पोचवला.’

मग मी नवा पत्ता सांगून, क्षमा मागून, दुसरी चिक्की ठेवून तुझं नाव घेऊन विचारलं. ‘ताई येईल का?’ देव हसला. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. दुसऱ्या दिवशी तीनदा, तिसऱ्या दिवशी चारदा. चौथ्या दिवशी मी लवकर गेले, वाटलं सकाळी तरी गंभीर असेल. दोनदा हसला. किती झाले? अकरा. एव्हाना बघायला माणसं जमायला लागली होती. तांदूळवाल्याच्या सासूने तर बसायला स्टूल आणलं आणि बाराव्यावर पैज लावली. मी तिथेच फतकल मारून रडायला लागले, ताई. या देवाला माझ्यात एवढं हसण्यासारखं काय दिसतं?

काकांनी सगळ्यांना हाकललं आणि मला म्हणाले, ‘विचारलंस काय ते मला मोठ्याने सांग.’ मी सांगितलं. ताई येईल का, आली तर मुक्काम करील का, मुक्काम केला तर माझ्याशी बोलेल का, बोलली तर मागचं काढील का, आणि येणार नसेल तर देवाने तिच्या स्वप्नात जावं का, गेलाच तर आईचं रूप घेऊन जावं का. काका म्हणाले, ‘नमनालाच घडाभर तेल! यात सहा प्रश्न आहेत, आणि सहाच्या सहा तुझ्या बहिणीचे आहेत. तिच्या मनातलं तिला विचार. देव काय तिच्या घरी भांडी घासायला जातो का, तिकडच्या खबरा आणायला? तुझ्या हातात जे आहे तेवढंच इथे विचारायचं.’

आणि मला गृहपाठ दिला! या वयात! रोज कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे एका ओळीत प्रश्न लिहून आणायचा, त्यात फक्त ‘मी’ हवं, ‘ती’ नको. काका तो वाचायचे, पेन्सिलीने शब्द खोडायचे आणि परत पाठवायचे. फाकींना हातही लावू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘ताईला यावंसं वाटावं यासाठी मी कुठला नवस करू?’ काकांनी ‘नवस’ खोडला. दुसऱ्या दिवशी, ‘ताईचा गैरसमज मी कसा दूर करू?’ त्यांनी ‘गैरसमज’वर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, गैरसमजच आहे. ते बघतच बसले. शेवटी तो शब्द मीच खोडला. ताई, तुला सांगते, त्या एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द शोधायला मला सहा दिवस लागले. कालवं सोलताना शोधत होते, कपडे वाळत घालताना शोधत होते. आजवर मला वाटायचं कौल म्हणजे देवाला प्रश्न. इथे तर देव ढिम्म बसलेला आणि उत्तरं सगळी मीच देत होते, तीही कॅलेंडरच्या मागे!

आणि काय मजा वाटायला लागली म्हणून सांगू! आता मी सगळ्याच गोष्टींचा प्रश्न करते. ग्योक-चू चिडून आली की तिलाही कॅलेंडरचं पान देते. परवा तिने लिहिलं, ‘हा कधी मरेल?’ मी खोडलं. काल लिहून आणलं, ‘मी याला उद्यापासून स्वतःची ताटली धुवायला लावू का?’ दोन्ही जणी देवळात गेलो, तीन ‘हो’ पडले, आणि आज त्याने धुतली! भिंतीपलीकडून मी आवाज ऐकला.

माझा प्रश्न शेवटी तीन शब्दांचा उरला. काकांनी वाचला, एकही अक्षर खोडलं नाही, फाकी माझ्या हातात दिल्या आणि स्वतः डोळे मिटून उभे राहिले. नाव. तिथी. घर नंबर एकोणतीस (दोनदा सांगितला). आणि मग हो, हो, हो! प्रश्न काय होता ते इथे लिहायला लाज वाटते. पण घरी येऊन पहिलं हे पत्र लिहायला घेतलं. सुनेला आशीर्वाद. तिच्या आईबद्दल लिहिलं ते तिला सांगू नकोस.

तुझी,
खिम

ता. क. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा दोन्ही फाकी उताण्याच पडत होत्या. एक घरंगळत जाऊन काकांच्या चपलेला आपटली आणि उलटली. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘चप्पल माझी, पण देऊळ त्याचं.’ मी चालवून घेतलं. तूही घे.

ता. क. दुसरा. पत्र घेऊन टपाल कचेरीपर्यंत गेले. हिरव्या पेटीत टाकावं की घाईच्या लाल पेटीत, म्हणून बराच वेळ उभी राहिले आणि एकीतही टाकलं नाही. कारण माझा प्रश्न ‘पत्र पाठवू का?’ असा नव्हताच. तो होता, ‘मी स्वतः जाऊ?’ तेव्हा आता मी चांगहुआहून सुटलेल्या गाडीत आहे. अक्षर हलतंय ते त्यामुळे. शेजारच्या बाईला वाटतं मी आजारी आहे, तिने मला संत्रं सोलून दिलं.

ता. क. तिसरा. ‘गैरसमज’च्या जागचा शब्द. ताई, वादळाने गाड्या बंद आहेत हे मला माहीत होतं. आईच्या उशाशी बसून रेडिओवर मीच ऐकलं होतं. त्या मांडवात, तू का येऊ शकली नाहीस, हे माहीत असलेली मी एकटी होते, आणि मीच तसं बोलले. चार वर्षं मी तिला भरवलं, धुतलं, कूस वळवून दिली, आणि शेवटच्या दिवशी ती डोळे उघडून मलाच तुझ्या नावाने हाक मारत होती. मी ‘ओ’ दिली. तुझ्या नावाला. ते मला सोसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ते तुझ्यावर काढलं. त्याला खोटेपणा म्हणतात. काकांनी तो शब्द खोडला नाही.

ता. क. चौथा. पहिली सगळी पानं तुझ्या दाराखालून आत सरकवली आहेत. घंटी वाजवायला हात उचलला होता, पण उचललाच फक्त. आता तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून हे शेवटचं पान लिहिते आहे. मघाशी आत टीव्ही चालू होता, कुणीतरी बाई खूप रडत होती. आता बंद झाला. म्हणजे तू वाचते आहेस. घाई करू नकोस, सावकाश वाच. मी बसले आहे. द्वादशीला छत्री धरायला ये, एवढंच मागायला आले होते. नाही म्हणालीस तरी मी समजेन, फक्त लगेच जा म्हणू नकोस. चार मजले चढून पायांत गोळे आले आहेत, उठायला मला तुझा हात लागेल.