खुर्ची समोर मांडून

सोमवार, ४ मार्च

सपशेल तोंडावर आपटले!

सांगायचं एवढंच होतं — ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्यालाही ग्रंथालयाची नवी वेबसाइट वापरता आली पाहिजे. प्रोग्रामर, मजकूर लिहिणाऱ्या मुली, साहेब — सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं आणि ताईची गोष्ट सांगितली. लहानपणी ती मला पुस्तकं वाचून दाखवायची, शेवट मात्र मुद्दाम दडवून ठेवायची, आणि मी तिच्या मागे मागे फिरायची! आता तिची नजर गेली. दर रविवारी मी वाचते, ती ऐकते. ग्रंथालयाकडे एवढी बोलकी पुस्तकं आहेत, पण आमच्या वेबसाइटवरून तिला त्यातलं एकही स्वतःचं स्वतः घेता येत नाही.

सगळ्यांचे डोळे पाणावले. मजकूरवाल्यांतल्या धाकटीने तर रुमालच काढला. साहेब म्हणाले, "फार हृदयस्पर्शी हं, बाई." मग सगळे चहाला गेले. एकानेही एक ओळ बदलली नाही.

ताईला कळलं असतं तर कान पिरगळला असता. "माझं प्रदर्शन मांडलंस?"

बुधवार, ६ मार्च

साहेबांनी बोलावलं. वेबसाइट पंधरा तारखेला सुरू होणार. "तुमचं ते काम पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष! ताईला ते कुणी लिहून दिलंय?

म्हटलं, प्रत्येकाशी वेगवेगळं बोलू द्या. तरी नाही पटलं तर गप्प बसेन.

"तुम्ही? गप्प?"

पण हो म्हणाले.

गुरुवार, ७ मार्च

कॉन्व्हेंट शाळेतला शिवणाचा तास आठवला. मी डावखुरी. बाकीच्या मुली सिस्टरकडे बघून सरसर टाके घालायच्या, माझ्या दोऱ्याचा नुसता गुंता. सिस्टर रागावल्या नाहीत. मला हातही बदलायला लावला नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या समोर मांडली — आरशासारखी. "आता मी करते तसंच कर." टाका तोच. फक्त त्या बसल्या वेगळ्या जागी.

आणि मी सोमवारी सगळ्यांना एकाच बाजूने टाका दाखवत बसले!

सोमवार, ११ मार्च

आज प्रोग्रामर. त्यांचा म्होरक्या — आम्ही त्याला घुम्या म्हणतो — हाताची घडी घालून बसलेला. ताईचा विषयच काढला नाही. सगळ्यांचे माऊस गोळा केले आणि माझ्या पिशवीत टाकले. "आता नुसत्या कीबोर्डवर एक पुस्तक घेऊन दाखवा."

हसले. मग हसू मावळलं. टॅबची कळ दाबत दाबत घुम्या तारखेच्या चौकटीत शिरला — आणि बाहेरच येईना! शेजारचा म्हणाला, "गेला बिचारा, भिंतीत चिणला." घुम्याचे कान लाल. चौकट त्यानेच बनवलेली.

जेवणाच्या सुट्टीत माऊस परत द्यायला गेले, तर म्हणतो, "राहू द्या बाई. अजून सुटलो नाहीये."

मंगळवार, १२ मार्च

मजकूरवाल्या. स्क्रीन बंद करून त्यांचंच पान, न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाजात ऐकवलं. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. चित्र. चित्र. येथे क्लिक करा."

"अरे मेल्या, येथे म्हणजे कुठे?" धाकटी किंचाळली.

"तुलाच ठाऊक, तूच लिहिलंयस!" थोरली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत 'येथे' हद्दपार. त्याच्या जागी 'हे पुस्तक ऐका'.

बुधवार, १३ मार्च

साहेब. त्यांना म्हटलं, जरा अंगणात येता? भर उन्हात फोनवर वेबसाइट उघडून दिली. राखाडीवर फिकट अक्षरं. फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावर चढवला.

"काही दिसत नाहीये, बाई!"

"मग सर, तुमचं पुढच्या वर्षी बघू या का?"

बाई गं — बोलून गेले! नोकरी गेलीच म्हटलं. पण ते इतके हसले की फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "करा," म्हणाले. "सगळं करा. पंधराच्या आत."

शुक्रवार, १५ मार्च

सुरू झाली! अक्षरं काळीभोर, चित्रांना वर्णनं, आणि चौकटीतून घुम्याची सुटका! मला म्हणतो, "बाई, दुसऱ्या विभागांना शिकवायला जाल तेव्हा मलाही न्या. माऊस मी गोळा करतो." हा घुम्या! एका दमात एवढी वाक्यं!

जिना गुणगुणत चढले. ताईला फोन करून सांगितलं. "बघते," म्हणाली. एवढंच. बरं, बघ. आमचं अर्धवट राहिलेलं पुस्तक रविवारसाठी खूण घालून पिशवीत भरून ठेवलंय.

शनिवार, १६ मार्च

ताईचा फोन. "उद्या येऊ नकोस गं. आपलं ते पुस्तक मिळालं, ऐकत बसलेय. आणि शेवट विचारू नकोस — सांगणार नाही!"