बंदुकीला हळदकुंकू

ती. लालासाहेबमामांस,

मलकापूरहून भाचा पृथ्वीराजचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा वडूजच्या कोरड्या हवेत बरा असेल. (फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुमच्या शेजाऱ्यांना सगळं येतं, म्हणून पत्र.)

उसाचं रान मोडून मी पेंटबॉलचं मैदान काढलं, हे तुम्हाला अजून पटलेलं नाही. सुभेदार माणसाला रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक म्हणजे खेळणंच. पण 'हत्यार ज्याचं, निगा त्यानंच करायची' हा तुमचा शब्द मी पाळतो. रोज खेळ संपला की नळी पुसतो, आतल्या रबरी रिंगांना त्यांचंच खास तेल थेंबभर लावतो. बंदुकांनी कधी दगा दिला नाही. दिला तो नेमका खंडेनवमीला, कुपवाडचे आप्पासो मुलीला घेऊन आले तेव्हा. त्यांचा लेथचा कारखाना आहे. माझा हा उद्योग धंद्यात मोडतो का, हे स्वतः बघूनच राजेश्वरी द्यायची की नाही ते ठरवणार होते.

मी पेढे आणायला कराडात गेलो, तेवढ्यात आईने सगळ्या बंदुका पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. (तेवढ्यावर थांबली तर ती तुमची बहीण विजयमाला कसली!) जिथे भोक दिसलं तिथे शेंगदाण्याचं तेल सोडलं, नळीत चिमूट चिमूट अक्षता. मी परतलो तर बंदूक पाहुण्यांच्या हातात. आप्पासोंनी पिंपावर नेम धरला, गोळी आतच फुटली आणि तेल, कुंकू, निळा रंग असा सगळा मसाला त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आला. मी घाईने दुसरी बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढला, तर अक्षता राजेश्वरीच्या आणि माझ्या डोक्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसत खाली बसली, पाटावरच बंदूक खोलली आणि फुगलेली रिंग माझ्या हातावर ठेवली.

"आवं, ह्याला खायचं त्याल चालत न्हाई. कारखान्यात असं केलं तर आप्पा जेवाय देत न्हाईत."

मामा, मला ती तिथेच आवडली. पण पूजेतलं हत्यार त्याच दिवशी खोलणारी सून नको, म्हणून आई फुगून बसली आणि आप्पासो "कळवतो" म्हणून तसेच निघाले.

आपला,
पृथ्वीराज

ता. क. आप्पासोंचा होकार आला. (मुलीनेच हट्ट धरला म्हणतात.) आता सगळं आईपाशी अडलंय, आणि ती ऐकते फक्त थोरल्या भावाचं. रविवारी जेवायला या आणि फौजेतही पूजेदिवशी हत्यार खोलतात, असं बिनधास्त ठोकून द्या.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना आई आली. कुणाला लिहितोयस, म्हणाली. सांगितलं. तिचा निरोप जसाच्या तसा: "दादाला म्हणावं खुशाल ये, पर त्या पोरीची बाजू घ्याय येऊ नगंस. आन् व्हय रं, आपला मिक्सर लय घरघर करतोय. तिला इचार, कवा मोकळी हाय."